दिवाडीची फेरी आणि गाडीची शेपटी : सोलापूरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरातलं हे कुटुंब. टॉवेलचा कारखाना असलेले मालक, शाळेत शिकवणाऱ्या वहिनी, दोन मुलं आणि मालकांचे वडील. वडिलांना घरात सगळेच अण्णा म्हणतात. सूतगिरणीत आयुष्य गेलेलं, आता पंचाहत्तरी ओलांडलेली. गुडघे ठीक आहेत, पण प्रोस्टेटच्या त्रासामुळे दर तास-दीड तासाला लघवीला जावं लागतं. या एका कारणाने चार वर्षं अण्णा अक्कलकोटच्या पलीकडे गेले नव्हते. हॉटेल, एसटी स्टँड, पेट्रोलपंप, कुठेही आधी 'तिथं सोय आहे का' हा प्रश्न, आणि तो चारचौघांत विचारायची लाज. शेवटी 'तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो' हे ठरलेलं वाक्य.

म्हणून मोटारहोम. आत संडास, झोपायला पलंग, चहा करायला ओटा. मुलांना त्यातली मजा दिसली, मालकांना अण्णांची सोय दिसली. सहलींची आखणी करून देणं हा माझा व्यवसाय असल्याने प्रकरण माझ्याकडे आलं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते इथे मांडतोय.

कुठे जायचं हे अण्णांनीच सांगितलं. गोव्यातलं दिवाडी बेट. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मूळचं याच बेटावरचं. पोर्तुगीज काळात देऊळ पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अण्णांनी हे कुठेतरी वाचून डोक्यात ठेवलं होतं. जाताना नरसोबाच्या वाडीला एक मुक्काम, मग दिवाडी, आणि जमलं तर नार्वे.

दिवाडीला पूल नाही. मांडवीच्या पाण्याने वेढलेलं बेट, जायचं ते फेरीबोटीनेच. मालकांनी पूर्वी दाभोळ-धोपावे फेरीत आपली मोटार घातलेली, त्यामुळे 'गाडी बोटीत घालायची, काय त्यात' असा त्यांचा सूर होता.

अडचण

भाड्याने मिळणारी मोटारहोम पुण्याची, ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. लांबी, रुंदी, वजन यांचे आकडे कंपनीने लगेच पाठवले, आणि सगळ्यांनी चर्चा त्याच आकड्यांची केली. फेरीत टेम्पो चढतात, मग ही का नाही चढणार?

चढण्याचा प्रश्न नव्हताच. प्रश्न शेपटीचा होता. अशा गाडीत मागच्या चाकांच्या मागे बराच भाग अधांतरी लोंबतो, आणि मोटारहोममध्ये नेमकी तिथेच खाली सांडपाण्याची टाकी आणि तिचा नळ. धक्का नदीकडे उतरत जातो, फेरीचा डेक सपाट असतो. मागची चाकं डेकवर आली की गाडी सरळ होते, पण तिच्या मागे धक्का अजून वर चढत गेलेला असतो. तिथे शेपटी घासते. उतरताना उलटं होतं. पुढची चाकं चढाला लागली की नाक वर जातं आणि शेपटी डेककडे दबते. साध्या मोटारीला हे कधी जाणवत नाही, कारण तिला शेपटीच नसते.

कंपनीकडून मी एकच फोटो मागितला. मागच्या चाकाजवळ टेप धरलेला, बाजूने काढलेला. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून नळापर्यंत 160 सेंटिमीटर, आणि नळ जमिनीपासून 27 सेंटिमीटर वर. म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास, सहा फुटांत एक फूट चढणारा उतार ही त्या गाडीची हद्द. मागचा बंपर बराच वर होता, त्याची काळजी नव्हती. सगळी सहल त्या एका प्लॅस्टिकच्या नळावर येऊन थांबली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय विमानाचा. जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान आहे. मोपाच्या विमानतळावर उतरायचं, तिथून टॅक्सी, बेटावर एखाद्या घरी खोली. माझं स्वतःचं मत याच बाजूचं होतं आणि ते मी सांगितलंही. पण अण्णांना वाडी हवी होती, आणि मोपापासून पुढे पुन्हा टॅक्सीत तीच अडचण.

दुसरा, गाडी जुन्या गोव्यालाच ठेवायची आणि पायी फेरीने बेटावर जायचं. फेरीत पायी माणसांना पैसे पडत नाहीत. तरुण मंडळींना यापेक्षा सोपं काही नाही. पण अण्णांसाठी घेतलेला संडास नदीच्या अलीकडे आणि अण्णा पलीकडे, असं झालं असतं.

तिसरा पर्याय बेटच बदलण्याचा. रायबंदरहून चोडण बेटावर जुलै 2025 पासून रो-रो फेरी आहे, म्हणजे गाड्या थेट चढ-उतार करणारी, मोठी आणि मोकळी. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, मुलं खूश झाली असती. हा पर्याय आम्ही बाद केला नाही, हाताशी ठेवला. दिवाडीच्या धक्क्यावर 'नाही' ऐकावं लागलं तर रायबंदर जवळच होतं.

चौथा, गाडीसकट दिवाडी. तोच ठरला, पण तीन अटींवर: कंपनीची लेखी परवानगी, धक्क्याचा खरा उतार कुणीतरी जाऊन बघणं, आणि भरतीची वेळ.

गाडी मालकांनी स्वतः चालवायची की चालक घ्यायचा, यावर घरात एक संध्याकाळ गेली म्हणे. कायद्याची आडकाठी नव्हती. 7500 किलोपर्यंतची वाहतूक गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. पण आंबोली घाट आणि ओल्या धक्क्यावरची चढण, दोन्ही पहिल्यांदाच आणि दुसऱ्याच्या गाडीने? वहिनींनी विषय संपवला, "तुम्ही कारखाना चालवा." चालक कंपनीचाच घेतला.

परवानगीची गंमत वेगळीच. कंपनी फोनवर सरळ नाही म्हणाली, कारण 'पाण्यात विमा चालत नाही'. हे पुष्कळ लोक गृहीत धरतात. आपल्याकडच्या मोटारविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडीच्या नुकसानीच्या कलमात रस्ता आणि रेल्वेबरोबर अंतर्गत जलमार्गाने नेतानाचं नुकसानही धरलेलं असतं. मी त्यांना त्यांचीच पॉलिसी उघडायला लावली. दोन दिवसांनी ईमेल आला: हरकत नाही, पण धक्क्यावर चढवायची की नाही हा शेवटचा शब्द चालकाचा. ही अट मला फार आवडली. धक्क्यावर पाच जणांची पाच मतं पडतात, तिथे एकाचा शब्द आधीच ठरलेला बरा.

तारीख कशी ठरली

मुलांना पौर्णिमा हवी होती. बेटावर चांदणं, गाडीच्या टपावर बसून वगैरे. जानेवारी 2026 मध्ये दोन शनिवार-रविवार समोर होते. 26 जानेवारी सोमवारी आल्याने एक जोडसुट्टी, आणि दुसरा लगेच पुढच्या आठवड्यातला, 1 फेब्रुवारीच्या माघी पौर्णिमेचा.

इथे सोलापूरकराच्या घरातलीच वस्तू कामाला आली, भिंतीवर टांगलेलं दाते पंचांग. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, येईल त्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी. वाडीहून निघालेली गाडी धक्क्यावर पोचायला दुपार टळणार, थोडा उशीर झाला की नेमकी त्याच वेळेला. आणि पौर्णिमा म्हणजे उधाण. भरती जास्त वर चढते तशी ओहोटीही जास्त खाली जाते.

उलट 24 जानेवारीला माघ शुद्ध षष्ठी. पाऊणपट केली की साडेचार. गाडी पोचायची वेळ आणि पाणी चढायची वेळ एकच. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढउतार मुळातच कमी. परतायच्या सोमवारी अष्टमी, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. सकाळी सातला बेट सोडायचं, हेही तिथेच ठरलं.

हा हिशेब ढोबळ आहे. अष्टमीच्या आसपास तो तासाभराने सहज चुकतो, आणि खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा वेगळ्या ताडून पाहिल्या. पण दिवस निवडायला पंचांग पुरलं. अण्णांना तर याचाच जास्त आनंद. "बघा, सोलापूरच्या पंचांगावर गोव्याची बोट चालते."

तयारी

धक्का बघायला माणूस मिळाला तो आमच्याच जिल्ह्यातला. अक्कलकोट तालुक्यातला मेकॅनिक, आता फोंड्याला गॅरेज आहे. त्याने जुन्या गोव्याच्या, व्हाइसरॉयच्या कमानीजवळच्या धक्क्यावर आणि पलीकडच्या काठावर, दोन्हीकडे एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला जाऊन मोबाइल जमिनीवर ठेवून उतार मोजला. वरच्या अंगाला सात अंशांच्या जवळ. खाली, ओहोटीला उघडा पडणारा भाग अकराच्या जवळ, वर शेवाळ. आमची हद्द साडेनऊ. म्हणजे चित्र स्पष्ट झालं: भरतीला निवांत, ओहोटीला नळ गेला.

फेरीवरच्या माणसांनाही त्याने विचारलं. उत्तर कोकणीत: "गाडी हाडा, मागीर पळोवया." आणा तर खरं, मग बघू. याहून पक्कं उत्तर कुणी देणार नव्हतं, आणि त्यात गैर काही नाही. त्या दिवशी रांगेत काय उभं असेल त्यावर त्यांचा निर्णय असतो.

त्यानेच दोन फळ्या सुचवल्या. सहा फूट लांब, दोन इंच जाड. उतार मोडतो त्या जागी मागच्या चाकांखाली धरल्या की शेपटी पाच सेंटिमीटर उचलली जाते, आणि साडेनऊची हद्द अकराच्या पुढे जाते. फळ्या विजापूर रोडच्या वखारीतून घेतल्या. त्या सबंध सहलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू ती असावी.

गाडी गुरुवारी रात्री सोलापुरात आली. शुक्रवारी सकाळी एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर माणसं, सामान आणि भरलेल्या टाकीसकट उभी केली, तर साडेतीन टनांच्या थोडी पुढे. पाण्याची टाकी दीडशे लिटरची आणि मागच्या बाजूला. फेरीआधी ती जवळपास रिकामी करायची, बेटावर पुन्हा भरायची. मागचं वजन उतरलं की स्प्रिंग तेवढी वर येते. सांडपाण्याची टाकीही आधीच रिकामी. गॅसचा व्हॉल्व्ह फेरीत चढण्यापूर्वी बंद.

रात्र कुठे काढायची हा मोटारहोममधला अर्धा प्रश्न असतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, पण आमच्या रस्त्यावर आधार होता तो वाडीच्या भक्तनिवासाच्या आवाराचा. गोव्यात वाटेल तिथे गाडी लावून चूल मांडता येत नाही. उघड्यावर स्वयंपाक करायला 2022 पासून पर्यटन खात्याची बंदी आहे आणि दंड जबर आहे. म्हणून बेटावरच्या एका घरवाल्यांचं अंगण दोन रात्रींसाठी भाड्याने घेतलं, पाणी आणि विजेसकट. वीज म्हणजे जुन्या घरातलं एक पंधरा अँपिअरचं बटण. एसी लावायचा नाही, हे आधीच कबूल केलं. जानेवारीत लागतही नाही.

खाण्याचं वहिनींनी परस्पर उरकलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. कडक भाकरीला ना फ्रीज लागतो ना गॅस. मोटारहोमच्या ओट्याचा उपयोग शेवटपर्यंत चहापुरताच झाला.

प्रत्यक्ष प्रवास

शुक्रवारी मंगळवेढा, सांगोला, मिरज करत वाडी. अण्णा वाटेत कितीदा उठले हे कुणी मोजलं नाही, आणि हेच या गाडीचं सगळ्यात मोठं यश. वाडीला संध्याकाळची पालखी मिळाली. शनिवारी संकेश्वर, आजरा, आंबोली. घाटात गर्दी, सावंतवाडीत जेवण लांबलं. धक्क्यावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते.

जोडसुट्टीची रांग मोठी होती. फेरीवरच्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि दोन फेऱ्या थांबायला सांगितलं. मोठी गाडी शेवटी, म्हणजे पलीकडे आधी उतरते किंवा बाजूला राहते, असा त्यांचा काहीतरी हिशेब. मालक अस्वस्थ. चालक मात्र खूश, कारण पाणी अजून चढत होतं.

तिसऱ्या फेरीला बोलावलं. अण्णा आणि मुलं आधीच पायी चढून कठड्याला उभे. मेकॅनिक धक्क्यावर एक गुडघा टेकून, मोबाइलची बॅटरी नळावर. मालकांनी एक फळी सरकवली, मेकॅनिकने दुसरी. चालकाने गाडी पहिल्या गिअरात, क्लच अर्धा दाबून, बोटभर बोटभर सोडली. फळी करकरली. मेकॅनिकचा हात वर, तळवा उघडा, म्हणजे थांब. मग हळूच दोन बोटं हलली, ये. नळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली. पलीकडे उतरताना फळ्या पुन्हा लावल्या, काही झालं नाही.

रविवारी रथसप्तमी. गाडी अंगणातच ठेवून बेटावरच्याच एका मोटारीने सगळे नार्व्याच्या फेरीने पलीकडे गेले. अण्णा सप्तकोटेश्वराच्या सभामंडपात बराच वेळ बसून होते. देवळाजवळ सोय होती, तरी परतल्यावर ते आधी गाडीत गेले. सवय झाली होती.

सोमवारी सातला निघायचं ठरलेलं. पण घरवाल्यांची नात शाळेत झेंडावंदनाला निघाली होती, मुलं तिच्या मागे, आणि वहिनी स्वतः शिक्षिका. झेंडावंदन, मग खाऊ, मग बाईंशी गप्पा. धक्क्यावर यायला साडेनऊ झाले. पाणी उतरत होतं, अजून पुष्कळ होतं, पण शनिवारसारखं नव्हतं. बेटाकडून चढणं सुखरूप झालं. जुन्या गोव्याला उतरताना मागे दुचाक्यांची रांग, पुढे चढायला थांबलेल्या मोटारी, आणि फळ्या मागच्या पलंगाखाली, सामानाच्या तळाशी. मेकॅनिक त्या दिवशी नव्हता. मालक म्हणाले, "शनिवारी चार बोटं होती की, जाईल." चालकाने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी सोडली. कडकन आवाज आला.

निकाल

नळाचं कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, फुटलं. टाकी रिकामी होती म्हणून डेकवर घाण झाली नाही, एवढी एक तयारी तरी फळाला आली. फोंड्याच्या मेकॅनिकने तात्पुरतं बूच मारलं, सोलापूरपर्यंत ओट्याचं आणि बेसिनचं पाणी वापरायचं नाही असं ठरलं. संडासाची टाकी वेगळी असल्याने अण्णांची गैरसोय झाली नाही. कंपनीने अनामत रकमेतून कोपराचे आणि मजुरीचे पैसे कापले. मालकांनी वाद घातला नाही.

सहल फसली असं घरात कुणीच म्हणत नाही. अण्णा तर आता गाणगापूरचं विचारतात, आणि तिथे बोट नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

पुन्हा करायचं तर

सोमवारचा निर्णय नीट बघण्यासारखा आहे. झेंडावंदनाला थांबणं चूक होती असं मला वाटत नाही. सहलीला माणसं त्यासाठीच जातात. पण साडेनऊला धक्क्यावर दोन रस्ते मोकळे होते. फळ्या काढायला दहा मिनिटं मागायची आणि त्यासाठी एक फेरी सोडायची, किंवा बेटावर परत जाऊन संध्याकाळच्या भरतीची वाट बघायची. दुसऱ्या रस्त्याने एक मुक्काम वाढला असता, घरवाल्यांचं अंगण मोकळं होतं. दोन्ही रस्ते कुणी बोलूनच दाखवले नाहीत, कारण शनिवारी सगळं सुरळीत झालं होतं. लेखी अटीप्रमाणे शेवटचा शब्द चालकाचा होता, पण मालक शेजारी बसलेले असताना चालक 'नाही' म्हणत नाही. पुढच्या वेळी ही अट मी धक्क्यावर पोचण्याआधी सगळ्यांसमोर, मालकांच्याच तोंडून बोलून घेईन.

फळ्या पलंगाखाली ठेवायच्या नाहीत, दाराशी बांधायच्या. परतीच्या फेरीलाही खाली वाकून बघणारा माणूस हवा. त्याला दुसऱ्यांदा बोलावण्याचे पैसे वाचवण्यात अर्थ नव्हता.

नळाचंच बघितलं तर तो काढता-घालता येणारा असायला हवा. तसं कोपर बसवायला कंपनीला सांगितलं, त्यांनी बसवलं. आता तिथे मोजलं तर हद्द तेरा अंशांपर्यंत जाते, बंपर आधी लागतो.

आणि अण्णांसारखं कारण घरात नसेल, तर मी आजही दुसरा पर्याय सुचवेन. गाडी जुन्या गोव्याला, पिशवी खांद्याला, फेरीला पायी. बेट छोटं आहे, सायकलीवर बघून होतं. नार्व्याच्या बाजूने गाडीसकट बेटावर उतरता येईल का, असं दोघांनी विचारलंय. डिचोलीकडून येणाऱ्याला तो रस्ता सोयीचा दिसतो. त्या धक्क्याचा उतार अजून कुणी मोजून आणलेला नाही. मेकॅनिकला सांगून ठेवलंय, अमावास्येच्या ओहोटीला जाऊन बघ म्हणून.